गाडी कुणाच्या दारात

गुफरानचा छोटा हत्ती टेम्पो दिंद्रुडात कुणाच्याही दारापुढं उभा राहिला, की शेजारच्या दारातून हमखास सवाल यायचा, "कोण?"

गॅसच्या टाक्यांची गाडी थांबली तर कुणी असं विचारत नाही. खताची थांबली तरी नाही. गुफरानची थांबली की मात्र शेजारीण हातातलं सूप खाली ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची, तोंडावर जरुरीपुरतं दुःख आणायची आणि मग विचारायची. "कुणी न्हाई मावशी, पाणी द्यायला आलतो," असं गुफराननं सांगितलं, की काढलेलं दुःख परत जागेवर ठेवताना तिची अडचण व्हायची. काही जणी तर त्याच्यावरच चिडायच्या.

दोष एवढाच होता, की गाडी एकच होती. सकाळी सहा ते अकरा तिच्यात 'आबशार ॲक्वा'चे थंड पाण्याचे जार असत. आबशार म्हणजे धबधबा. पण गावाला आबासाहेब ठाऊक, आबशार नाही. म्हणून गाव त्याला आबासाहेबाचं पाणी म्हणे, आणि हा आबासाहेब कोण याची चौकशी कुणी केली नव्हती. फोन आला की त्याच गाडीतले जार उतरवून गुफरान पेटी चढवी.

पेटी म्हणजे मयत ठेवायची थंड पेटी. ती त्यानं स्वतः बनवली होती. माजलगावला फ्रीज-एसीचा आयटीआय केलेला; भंगारात मिळालेला आइस्क्रीमचा लांबडा फ्रीज कापला, वाढवला, सव्वासहा फूट केला, वर काच बसवली, खाली चाकं लावली. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तरी उन्हात एका बाजूनं जुन्या चित्रातला गुलाबी कोन दिसायचाच.

हे खूळ त्याच्या डोक्यात भामाबाईमुळं शिरलं. दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात भामाबाई वारली तेव्हा तिचा मुलगा कर्नाटकात ऊसतोडीच्या फडावर. गुफरान तेव्हा बर्फाच्या लाद्याही विकायचा. त्यानं भुशात गुंडाळून चार लाद्या नेल्या. दुपारपर्यंत त्यांचं पाणी होऊन उंबऱ्याखालून गल्लीत आलं आणि गल्लीतली माणसं त्यावरून उड्या मारून जाऊ लागली. संध्याकाळी लोकांनी नाकाला रुमाल लावून ठरवलं, की आता थांबणं बरं नाही. मुलगा आला तेव्हा सरण निम्मं झालं होतं. तो रडला नाही, ओरडला नाही. चपला हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नुसतं तोंड तरी दावायचं व्हतं."

गुफराननं महिनाभरात पेटी उभी केली. फुकट. पंचक्रोशीत कुठंही. दिवाळी ते गुढीपाडवा निम्मी गावं फडावर असतात आणि मागं म्हातारी माणसं दारं राखीत बसतात. म्हातारी माणसं मरायची तर त्याच दिवसांत मरतात. पेटीला काम भरपूर होतं.

त्याच्या आईला, जैनबबीला, हे कळायचं नाही. "अपने लोगां में तो मिट्टी को इत्ती देर रखतेच नहीं," ती म्हणायची. "फिर तेरेकू क्या पड़ी?"

"जिनको पड़ी, उनके बेटे फड पे हैं, अम्मी."

"और मेरा बेटा पेटी पे है." तिचं बरोबर होतं. तीन ठिकाणी सोयरीक लागता लागता राहिली होती. मुलगा चांगला, धंदा चांगला, पेटीचं मात्र बघा, असा निरोप यायचा.

पेटीचं लोकार्पण बद्रीनाथअण्णांच्या हस्ते ठेवलं होतं. अण्णा गावचे मोठे बागायतदार. गावातलं कुठलंही फ्लेक्स त्यांच्या फोटोवाचून उभं राहत नसे. त्या दिवशी त्यांनी भाषण जोरात केलं. "या सुविधेचा गावातल्या प्रत्येकानं लाभ घ्यावा," असं ते म्हणाले आणि पुढच्या रांगेतली वयस्कर माणसं सतरंजीवर थोडी मागं सरकली. मग कात्री आली. अण्णांनी ती मोहनराव गुरुजींकडं दिली, "तुमी वडीलधारे." गुरुजींनी ती चेअरमनकडं दिली. कात्री सगळ्या मंडपातून फिरून परत ताटात आली. शेवटी गुफराननं फितीची गाठ हातानंच सोडली. फोटोत सगळे टाळ्या वाजवताना दिसतात, पेटी दिसत नाही.

त्यानंतर हळूहळू झालं ते असं. ज्या घरात म्हातारं माणूस, त्या घरानं जार बंद केला. "पाण्याला वास येतो," म्हणाले. बारशाला, वास्तुशांतीला त्याला बोलावणं येईना. आणि त्याची 'येतो' म्हणायची पंचाईत झाली. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. फक्त मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट उठायचं. गुफरान पाणी देऊन एखाद्या अंगणातून "येतो मग" म्हणायचा, आणि खाटेवरचं म्हातारं दचकून उठून बसायचं. एकीनं तर हातच जोडले, "नको बाबा, लागलं तर आमीच बोलवू." तेव्हापासून तो सगळीकडूनच मुकाट उठायला लागला.

एक दार सोडून. माळावरच्या वस्तीत छबुबाई होती. वस्तीत चौदा दारं. त्यांतल्या बारांना या दिवसांत कुलपं. उघडी दोन, एक छबुबाईचं आणि एक तात्याबाचं. तात्याबाला दिसत कमी होतं आणि भूक जास्त लागत होती. छबुबाईला दोन्ही ठीक होतं, बोलायला माणूस नव्हतं. एक दिवसाआड गुफरान तिच्या रांजणात एक जार ओतायचा आणि ती त्याला चहा द्यायची. पैशाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

"आला का रं माझा यमदूत," ती लांबूनच ओरडायची. "यमाकडं रेडा, तुझ्याकडं हत्ती. ये, बस."

सगळं गाव जे तोंडात धरून ठेवायचं, ते ही बाई चहाबरोबर फुंकून प्यायची. एकदा गाडीत पेटी होती, तर तिनं काच वर करायला लावली आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"आगं माय! लई गार हाय की रं. हे जितेपणी कावून देत न्हाईत माणसाला?" मग दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. "मी बसंल का त्यात?"

"तू आडवी-उभी कशीबी बसशील, छबुमाय."

"एक कर. मला काचंत ठिवून पळून जाऊ नको. अंकुश येऊस्तोर कुणीतरी जवळ बसाया पायजे. मला एकटीला झोप लागत न्हाई."

"सहा म्हयने एकटीच तर झोपतीस."

"म्हणून तर लागत न्हाई," ती म्हणाली आणि त्याच्या हातातली बशी काढून घेतली. "बसशील का न्हाई ते सांग."

"बसंल."

तो उठला की ती दारात येऊन उभी राहायची. तो सवयीनं मुकाट चालायला लागला, की मागून हाक यायची, "तोंड शिवलंय का? 'येतो' म्हण की." मग तो म्हणायचा. ते ऐकूनच ती आत जायची.

माघात बद्रीनाथअण्णांच्या रविराजचं लग्न निघालं. पाण्याची एकशेवीस जारांची ऑर्डर गुफरानला. अण्णांनी त्याला घरी बोलावून घेतलं, ओट्याखाली उभं केलं आणि ओट्यावरून सांगितलं.

"पाणी तुझंच. गाडी मातर मंडपापाशी नको. शाळंच्या भिंतीमागं लाव. तिथून आणायचे जार."

"अण्णा, तिथून मंडप शंभर पावलं हाय."

"जवान हाईस की."

"गाडी धुऊन आणतो. फिनाईल मारतो."

"गाडी धुशील रं. लोकांचे डोळे कशानं धुशील?" अण्णा म्हणाले. अशी वाक्यं त्यांना आपोआप सुचायची, आणि ती बोलून झाल्यावर ते जरा वेळ थांबायचे.

रविराज मात्र त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आला. अकरावी-बारावीला दोघं एका मोटारसायकलवर माजलगावला जायचे. चालवायचा गुफरान, मागं बसून वनस्पतीशास्त्र मोठ्यानं वाचायचा रविराज. "अण्णाचं मनावर घेऊ नको, बे," तो म्हणाला. "जार टाकून झाले की आंघोळ करायची, चांगला शर्ट घालायचा, आन् माझ्यापाशी येऊन उभं ऱ्हायाचं. पावणा म्हणून. पाणीवाला म्हणून न्हाई. येणार का न्हाई?"

दोन वर्षांत एवढ्या उघडपणे त्याला कुणी आनंदाच्या कामाला ये म्हटलं नव्हतं. "येणार की," गुफरान म्हणाला आणि त्याच पावली जाऊन शर्टाचं कापड घेतलं. पिस्त्याच्या रंगाचं. टेलर म्हणाला, "कुणाचं लगीन, तुझं?" गुफरान म्हणाला, "तसंच समज."

लग्नाच्या सकाळी जैनबबीनं इस्त्री केलेला शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "हात में लेको जा. जार उठाने के बाद पहन. पहलेच पहनको जार नक्को उठा."

तो साडेसहाला निघाला. आधी वस्तीवर छबुबाईचा जार, मग शाळेमागं दोन खेपा, असा हिशेब. दार उघडंच होतं. छबुबाई भिंतीकडं तोंड करून वाकळेवर निजलेली. उंबऱ्यात तिची कोंबडी.

"छबुमाय, आज च्या नको, घाई हाय," म्हणत त्यानं रांजणावरचं झाकण काढलं. "रविराजचं लगीन. शर्ट शिवलाय. जाताना दावतो तुला. पिस्ता कलर हाय, न्हाईतर म्हणशील शेवाळ." जार तिरपा करून तो बोलत राहिला. वीस लिटर पाणी रांजणात पडायला वेळ लागतो, आणि पडताना आवाजही होतो. पाणी संपलं, आवाज थांबला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या वेळात आपल्याला एकही टोमणा बसलेला नाही.

त्यानं रिकामा जार हळूच खाली ठेवला. तिच्या पायाला हात लावला. मग कोंबडीला बाहेर हाकललं, कारण काहीतरी करणं भाग होतं.

अंकुशला फोन लावला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळी मोजत असलेलं. गुफराननं सांगितलं. 

"मुकादमाला इचारतो," अंकुश म्हणाला. हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं म्हणाला, "तोंड बघायला मिळंल ना, भाई?"

"मिळंल. पेटी हाय. तुमी निघा."

"दिवस मावळायच्या आत पोचतो. जवळ कोण हाय?"

"मी हाय," गुफरान म्हणाला.

गाडीतले जार शाळेमागं उतरवून तो पेटी घेऊन वस्तीवर परत आला, तोवर आठ वाजून गेले. तात्याबा धुतलेलं धोतर आणि फेटा घालून लग्नासाठी तयार बसला होता. दोघांनी मिळून तिला वाकळेसकट उचललं. गुफरानच्या खांद्याला वजन लगेच कळतं. जन्म जार उचलण्यात चाललेला. छबुबाई पावणेदोन जार भरली.

"किती हालकी रं," तात्याबा म्हणाला. "खात न्हवती. मी म्हणायचो, मला देत जा."

लाईट आठलाच गेलेली. त्यानं जनरेटर काढला, दोरी ओढली; चौथ्या झटक्याला सुरू झाला. पेटी गुरगुरायला लागली. उशाशी दिवा लावला, वात मोठी केली. मग तात्याबाला पोत्यावर बसवून समजावलं.

"तात्याबा, मी जार टाकून येतो. तवर हितून हालायचं न्हाई. मयत एकटं सोडायचं नसतं. जनरेटर थांबला तर फोन करायचा."

"बसतो की. पर पंगत किती वाजता म्हणलास?"

"मुहूर्त बारा पस्तीसचा. पंगत त्याच्यामागून."

"म्हाताऱ्या माणसांची आदी आसती," तात्याबा म्हणाला. गुफराननं ते ऐकलं. पण ऐकलेलं मनावर घ्यायला त्याच्याकडं वेळ नव्हता.

दुसरी खेप शाळेमागं उतरवून साडेनऊपासून तो जार वाहायला लागला. एक खांद्यावर, एक हातात. शाळेची भिंत, पिंपळाचा पार, गटारावरची फरशी, मंडपाची मागची कनात. शंभर पावलं जाताना, शंभर येताना. फरशी एका बाजूनं हलत होती. तिथं दरवेळी जाराचं पाणी डुचमळून मान ओढली जायची. तिसाव्या जाराला उजवा खांदा लाल झाला, पन्नासाव्याला डावा. बँडवाले सनईत फुंकर मारून बघत होते. भट्टीवर बुंदी पडत होती. कुणी हात लावला नाही. एकानं रस्ता दिला.

अण्णा कढयांपाशी आले. फेटा, गंध, अत्तर. "उशीर कावून? मला आठाला जार पायजे व्हते."

गुफरानला खोटं बोलता येत नसे. धंद्यात हा दोष मानतात. "वस्तीवरची छबुबाई गेली, अण्णा. सकाळी."

अण्णांनी चारी बाजूंना बघितलं आणि त्याचा दंड धरून त्याला कढयांच्या मागं नेलं. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"तिच्या पोराला."

"मग आयक. ती गेलेली न्हाई."

"अण्णा, मी सोता पेटीत—"

"बारा पस्तीसपस्तोर ती गेलेली न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "गावात मयत हाय म्हणलं की म्हाताऱ्या बाया अक्षदा टाकत्यात का? भटजी अडून बसंल. पोरीकडची माणसं शकून-अपशकून काढत बसत्याल. मुहूर्त टळू दे, मग ती जाईल. मी सोता येतो मातीला. वाटल्यास श्रद्धांजलीचं दोन शब्द बोलतो."

माणसाचं मरण दीड-दोन तास पुढं ढकलायची ताकद तालुक्यात फारच थोड्यांकडं होती. गुफरान "बरं" म्हणाला आणि सत्त्याहत्तरावा जार आणायला गेला.

शेवटचा जार ठेवला तेव्हा पावणेबारा झाले होते. शाळेच्या नळाखाली त्यानं डोकं धरलं, काखा धुतल्या, गाडीच्या आरशात बघून पिस्ता शर्ट घातला. खांद्याची सालटी निघालेली. इस्त्रीचं कापड तिथं टोचलं. कॉलर नीट केली आणि तो पुढच्या दारानं मंडपात शिरला. मागच्या कनातीतून आत जायची सवय इतकी पडली होती, की पुढच्या दारात त्याला कुणी अत्तर लावलं तेव्हा तो आधी मागं वळून बघू लागला, कुणासाठी आहे म्हणून.

"गुफ्या! ये बे, हिकडं!" रविराजनं स्टेजवरून हात केला. मुंडावळ्यांतून त्याचे दात तेवढे दिसत होते. त्याची आत्या जरा बाजूला सरकली. जागा द्यायला सरकली, की लांब व्हायला, ते सांगता येत नव्हतं. रविराजनं स्वतःच्या ताटातली मूठभर अक्षता गुफरानच्या हातावर ठेवली. "शर्ट लई भारी हाय. हितंच थांब. आता हालायचं न्हाई."

गुफरान उभा राहिला. बायकांच्या साड्या, लेकरांची रडारड, माईकवर भटजींचं खोकणं. कुणी त्याच्याकडं बघून 'कोण?' म्हणत नव्हतं. त्याला वाटलं, असं अर्धा तास जरी उभं राहता आलं, तरी दोन वर्षं फिटली.

तेवढ्यात वारा आला आणि बाजूची कनात उडाली. पलीकडं म्हाताऱ्या माणसांची पहिली पंगत बसली होती. दुसऱ्याच पत्रावळीवर फेटा मांडीत काढून ठेवून तात्याबा बुंदी खात होता.

गुफरान स्टेजवरून उतरला. "तात्याबा! तिकडं कोण हाय?"

तात्याबानं तोंडातला घास गिळला, पाणी प्यायला, मिशी पुसली. "दिवा हाय की," तो म्हणाला.

गुफराननं घड्याळ बघितलं. बारा वाजून बारा मिनिटं. जनरेटरमधलं पेट्रोल बारापर्यंतचंच, हे त्याला आता आठवलं. तो परत रविराजपाशी गेला.

"मला जावं लागतंय."

"आता? तेवीस मिन्टं हायती बे. अक्षदा टाक, मग जा."

"तिकडं कुणी न्हाई, रव्या."

रविराजला बापानं काही सांगितलेलं नव्हतं, पण गुफरानला कुठून बोलावणं येतं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडावर वाईट वाटल्याचं आणि बरं वाटल्याचं एकदमच आलं. दोन्ही खरं होतं. "जा मग," तो हळू म्हणाला.

गुफरानच्या ओठांवर सवयीनं 'येतो' आलं. समोर आत्या होती, वर रविराजच्या मुंडावळ्या. त्यानं ते गिळलं आणि मुकाट उतरला. मंडपातली माणसं वाट देत गेली.

वस्तीवर पोचला तेव्हा जनरेटर थांबला होता. दिवाही. पेटीच्या काचेवर, बरोबर छबुबाईच्या तोंडाच्या वर, कोंबडी बसली होती. त्यानं पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. एक, दोन, पाच, सात. आठव्या झटक्याला काळं तेल उडून पिस्ता शर्टावर छातीपासून पोटापर्यंत रेघ उठली, आणि जनरेटर सुरू झाला. त्यानं कोंबडीला उतरवलं, दिवा लावला, आणि तात्याबाच्या पोत्यावर मांडी घालून बसला.

कर्ण्यावरून मंगलाष्टका ऐकू यायला लागल्या. माळावर आवाज सरळ येतो. शेवटचं 'सावधान' झालं, बँड फुटला, फटाके वाजले. तेव्हा त्याला मुठीतल्या अक्षता आठवल्या. घामानं हाताला चिकटलेल्या. मंडपाच्या दिशेनं टाकाव्यात म्हणून त्यानं त्या दारातून बाहेर टाकल्या. कोंबडीनं त्या वेचून खाल्ल्या.

आता बारा पस्तीस होऊन गेले होते. अण्णांच्या हिशेबानं छबुबाई आता गेली.

"लागलं लगीन," गुफराननं तिला सांगितलं. काचेला आतून बाफ धरली होती, तोंड दिसत नव्हतं. बाफ आत आहे हे ठाऊक असूनही त्यानं शर्टाच्या स्वच्छ राहिलेल्या बाहीनं काच पुसली. "शर्ट दावतो म्हणलो व्हतो. बघ. आता शेवाळच म्हण."

दुपार सरकता सरकेना. पत्रा तापून कडाड वाजायचा. बारा कुलपं उन्हात चमकत होती. गावातल्या कुणालाही आता मयत चालण्यासारखं होतं, पण गाव जेवून निजलं होतं. चुलीपाशी दोन कप पालथे घातलेले होते. एक तिचा, एक त्याचा. सकाळी लागतील म्हणून रात्रीच धुऊन ठेवलेले. त्यानं ते बघितले आणि पुन्हा बघितले नाहीत. चारला पेट्रोल घातलं. पाचला घातलं. मध्ये भूक लागून गेली.

दिवस टेकायच्या आधी जीप आली. अंकुश, त्याची बायको सरस्वती, दोघांच्या अंगावर फडावरचेच कपडे. उसाच्या पाचटानं सरस्वतीचे दंड मनगटापासून वरपर्यंत कापलेले. गुफराननं काच उघडली. गार हवा त्यांच्या पायांवर पडली. अंकुश वाकला, आणि किती तरी वेळ नुसता बघत राहिला. "निजल्यागत दिसती," तो म्हणाला. "आगदी निजल्यागत." सरस्वतीनं सासूच्या गालाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. मग परत लावला, आणि मग रडायला लागली.

मातीला अकरा माणसं होती. अण्णा शब्दाला जागले; फेटा काढून आले, दोन शब्द बोलले. रविराज आला नाही. अंगाला हळद असलेल्यानं यायचं नसतं, हे बरोबरच होतं. निघताना सगळे मुकाट निघाले. त्या एका संध्याकाळी गुफरान चारचौघांसारखा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि मुकादमाची जीप दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. अंकुशनं दाराला कुलूप घातलं. तेरावं कुलूप. सरस्वतीनं कोंबडीचे पाय बांधून काखेत घेतली.

"दहाव्याला येऊ, मुकादमानं सोडलं तर," अंकुश म्हणाला. मग किल्ली हातात फिरवत उभा राहिला. "भाई, ही कुणाजवळ ठिवू? तात्याबाला दिसत न्हाई. तुमी जाता-येता आसता हिकडून."

गुफराननं किल्ली घेतली.

"मायला रांजण कोरडा ठिवलेला चालत न्हवता," सरस्वती जीपमधून म्हणाली. "घराला तहान लागती म्हणायची." जीप निघाली.

गुरुवारी पाणी द्यायची पाळी होती. गुफराननं सकाळी सातला गाडी वस्तीवर थांबवली, जार खांद्यावर घेतला, कुलूप काढलं. रांजणातलं शिळं पाणी बाहेर बाभळीच्या आळ्यात टाकलं, रांजण विसळला, नवा जार ओतला. वीस लिटर पडायला लागायचा तेवढा वेळ लागला.  मग पालथा घातलेला एक कप घेतला, रांजणात बुडवून पाणी प्यायला, धुऊन दुसऱ्याशेजारी पालथा घातला. उंबऱ्यावर, चहाला लागायचा तेवढा, बसला.

उठून कडी लावली, कुलूप दाबलं. गाडीकडं चार पावलं चालून गेला आणि थांबला.

"येतो," तो म्हणाला.

शेजारच्या दारात खोकल्याचा आवाज झाला. तात्याबा डोळ्यांवर हात धरून गाडीच्या पांढऱ्या आकाराकडं बघत होता.

"गाडी कुणाच्या दारात हाय रं?" त्यानं विचारलं. "कोण?"

"कुणी न्हाई, तात्याबा," गुफरान म्हणाला. "पाणी द्यायला आलतो."